चांगल्या मालाला स्वतःचा चेहरा हवा: नाशिकच्या उद्योजकांसाठी दृश्य-ओळख घडवण्याचे मार्गदर्शन

दिवाळीच्या आधी रविवार कारंज्यावरच्या एका दुकानात मी पाकिटांचे नमुने घेऊन बसलो होतो. पुण्याहून आलेल्या एका मावशींनी दुकानदाराला सांगितले, "मागच्या वेळी नेला होता तोच चिवडा द्या, पिवळ्या पाकिटातला." दुकानदाराने मागे वळून पाहिले. फळीवर चार पिवळी पाकिटे होती, चार वेगवेगळ्या कारखान्यांची. चारहींवर तांबड्या जाड अक्षरांत नाव आणि खाली बशीतल्या चिवड्याचे छायाचित्र. त्याने हाताशी आले ते पाकीट पुढे केले. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिले, "हाच असेल" म्हणाल्या आणि पैसे देऊन गेल्या. वर्षभरापूर्वी चांगल्या तेलातला, तिखटमिठाचे प्रमाण नेमके साधलेला चिवडा देऊन ज्याने त्यांना जिंकले होते, त्या कारखानदाराचे गिऱ्हाईक त्या दिवशी चौघांपैकी कुणाच्याही हाती गेले असते, आणि त्याला याचा पत्ताही लागला नसता.

नाशिकमध्ये छपाई आणि डिझाइनच्या कामात वीस वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की दृश्य-ओळखीवरचा खर्च मुख्यतः याच एका कारणासाठी करायचा असतो. आपण केलेल्या चांगल्या कामाचे श्रेय आपल्याच पत्त्यावर पोहोचावे, गिऱ्हाइकाला आपण पुन्हा सापडावे आणि त्याला आपले नाव दुसऱ्याला सांगता यावे, एवढी सोय बोधचिन्ह, अक्षरे, रंग, पाकीट आणि पाटी मिळून करतात. सुंदर दिसणे हा त्यातला सुखाचा भाग आहे; पण नुसते सुंदर दिसून जे ओळखू येत नाही, त्यावरचा पैसा वाया गेला असे मी समजतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण इथे गावाचे नाव आधीच मोठे आहे. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा आणि येवल्याची पैठणी या चारहींना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे. मात्र भौगोलिक मानांकन त्या प्रदेशातील सर्व पात्र उत्पादकांचे असते. ते कोणा एकाच्या मालकीचे होत नाही. येवल्यात पन्नास दुकाने पैठणी विकतात, तेव्हा "येवल्याची" हा शब्द गिऱ्हाइकाला गावापर्यंत आणून सोडतो, आणि तिथून पुढे आपल्या दारापर्यंत आणण्याचे काम आपल्या स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने करायचे असते. २०२७ च्या सिंहस्थाला येणारा यात्रेकरू तर माल चाखून किंवा चार दिवस वापरून पाहायला थांबणार नाही. तो पाहील, ठरवेल, घेईल आणि गावी परतेल. त्यानंतर त्याच्याकडे आपली आठवण उरेल ती पाकिटाच्या रूपानेच.

पहिले काम: स्वतःचा पसारा टेबलावर मांडणे

डिझायनरला फोन करण्याआधी एक दुपार काढावी आणि ज्या ज्या वस्तूवर आपले नाव आहे ती प्रत्येक वस्तू एका टेबलावर आणून ठेवावी: बिलबुक, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, पिशवी, पाकीट, खोक्यावरची चिठ्ठी, रबरी शिक्का, कामगारांचे टी-शर्ट. पाटीचे, टेम्पोच्या दारावरच्या अक्षरांचे, व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्राचे आणि गूगल मॅपवरच्या नोंदीचे छायाचित्र छापून तेही शेजारी ठेवावे.

निफाड तालुक्यातील एका बेदाणा उत्पादकाच्या पडवीत आम्ही हे केले, तेव्हा टेबलावर अकरा वस्तू जमल्या. अकरांमध्ये चार हिरवे रंग होते. नावातील "श्री" कधी पुढच्या शब्दाला जोडलेला, कधी सुटा. इंग्रजीत तेच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले. बिलबुकावर गणपती, पाकिटावर द्राक्षाचा घड, टेम्पोवर नुसते आडनाव. मालकांच्या वडिलांनी चष्मा लावून एकेक वस्तू हातात घेतली, आणि बराच वेळाने म्हणाले, "हे तर चार भावांचे चार धंदे वाटतात." इतके अचूक निदान मलाही करता आले नसते. माल उत्तम होता, दाणा एकसारखा होता, निवड काटेकोर होती. पण पाकीट पाहून ज्याने माल घेतला, त्याला तोच माणूस टेम्पोवर ओळखू आला नसता.

या मांडणीतून एक यादी तयार होते: कोणत्या वस्तूवर काय चुकले आहे, कोणती वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर सर्वाधिक येते आणि कोणती वस्तू लवकरच पुन्हा छापावी लागणार आहे. पुढच्या खर्चाचा क्रम याच यादीवरून ठरतो, म्हणून ती लिहून ठेवावी.

दुसरे काम: आपण कोणासाठी आहोत, ते एका वाक्यात लिहिणे

"दर्जेदार माल, वाजवी भाव, तत्पर सेवा" हे वाक्य शहरातल्या निम्म्या व्हिजिटिंग कार्डांवर आहे, आणि म्हणूनच ते कोणाचेच नाही. आपले वाक्य असे असावे की शेजारच्या दुकानदाराला ते स्वतःच्या पाटीवर लावता येऊ नये. ते घरात बसून सुचत नाही. त्यासाठी दहा जुन्या गिऱ्हाइकांना तीन प्रश्न विचारावेत: तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा कसे आलात, आमच्याबद्दल दुसऱ्याला सांगताना काय सांगता, आणि दुकानात किंवा फोनवर आमचा माल कोणत्या शब्दांत मागता. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शब्दशः टिपून ठेवावीत. पाच जणांनी "त्या मोराच्या दुकानात" असे म्हटले, तर तो मोर तुमची सर्वात मोठी दृश्य-पुंजी आहे. नवे काहीतरी करण्याच्या उत्साहात तो काढून टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणे होय. जुने चिन्ह ओबडधोबड असेल, तर ते नीट रेखाटून घ्यावे, पण ठेवावे.

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक मला नेहमी सांगतात की, आमचा माल थेट कंपनीत जातो, आम्हाला ब्रँडिंग कशाला. त्यांचे गिऱ्हाईक वेगळे आहे, हे खरे. त्यांचा माल खरेदी विभागातील अधिकारी निवडतो, आणि त्याच्यासमोर तीन-चार पुरवठादारांची दरपत्रके एकाच वेळी असतात. अशा ठिकाणी दृश्य-ओळख म्हणजे नीट मांडलेले दरपत्रक, वाचता येणारा तपासणी अहवाल, यंत्रसामग्रीची स्वच्छ छायाचित्रे असलेली आठ पानांची कंपनी-ओळख आणि सुट्या भागांच्या खोक्यावर भाग क्रमांक, बॅच क्रमांक व नग एका ठरलेल्या जागी छापलेली चिठ्ठी. ज्याच्या खोक्यावरची चिठ्ठी स्टोअरमधल्या माणसाला दोन पावलांवरून वाचता येते, त्याच्या कामात शिस्त आहे असे तो गृहीत धरतो. या उद्योजकांनी बोधचिन्हापेक्षा कागदपत्रांच्या मांडणीवर आधी पैसे घालावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

तिसरे काम: नाव मोकळे आहे की नाही, हे आधी तपासणे

बोधचिन्ह तयार झाल्यावर, पाटी लागल्यावर आणि पाकिटे छापून झाल्यावर तेच नाव दुसऱ्याने नोंदवलेले निघते, हा प्रसंग मी एकाहून अधिक वेळा जवळून पाहिला आहे. व्यापारचिन्हांचा (ट्रेडमार्कचा) शोध सरकारच्या बौद्धिक संपदा संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य घेता येतो. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि नोंदणी वर्गानुसार होते: बेदाणा २९ व्या वर्गात येतो, ताजी द्राक्षे ३१ व्या आणि वाइन ३३ व्या. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एकाच नावाखालील दोन उत्पादनांसाठी दोन वर्गांचे शुल्क भरावे लागू शकते. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये आहे; लघुउद्योगाची सवलत घ्यायची असल्यास उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) जवळ असावी. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नुसत्या वर्णनाच्या शब्दांवर, म्हणजे "नाशिक", "स्पेशल", "चिवडा" अशा शब्दांवर, कोणाचा एकट्याचा हक्क सहसा मान्य होत नाही, आणि देवदेवतांची नावे इतक्यांनी घेतलेली असतात की नोंदणी झाली तरी ती दुबळी राहते. वेगळे, उच्चाराला सोपे आणि थोडे अनपेक्षित नाव कायद्याच्या दृष्टीनेही बळकट ठरते. सुला वाइन हे आपल्या जिल्ह्यातले ठळक उदाहरण आहे: संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या सुलभा या नावावरून घेतलेला दोन अक्षरांचा शब्द आणि त्याबरोबर मिशीवाला सूर्य. बाटली दुरून पाहिली, नाव वाचता आले नाही, तरी तो सूर्य ओळखू येतो.

दुसरी गोष्ट चिन्हांची. अर्ज केल्यानंतर नावाशेजारी टीएम ही अक्षरे लावता येतात. वर्तुळातील आर हे चिन्ह मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच वापरावे. नोंदणी नसताना ते छापणे बेकायदेशीर आहे, आणि पुष्कळ पाकिटांवर ते केवळ शोभेसाठी छापलेले असते.

चौथे काम: डिझायनर निवडणे आणि लेखी करार करणे

छपाईवाल्याकडे पाटीबरोबर बोधचिन्ह फुकट मिळते, हे मला माहीत आहे. ते बहुधा तयार चित्रसंग्रहातून उचललेले असते, आणि तेच चित्र त्याच महिन्यात आणखी तिघांना दिलेले असते. चिवड्याच्या फळीवर चार पिवळी पाकिटे येतात ती याच वाटेने.

डिझायनरचे काम पाहताना त्याने केलेली सुटी चिन्हे पाहून भागत नाही. त्याने केलेली एखादी पाटी रस्त्यावर जाऊन पाहावी, पाकीट दुकानात जाऊन हातात घ्यावे आणि त्या मालकाला विचारावे की छपाईच्या वेळी हा माणूस प्रेसवर आला होता का. जो प्रेसवर उभा राहतो, त्याला रंग कागदावर कसा बसतो, पाऊचची घडी कुठे येते आणि कटिंगमध्ये किती मिलिमीटर जातात, हे ठाऊक असते. संगणकाच्या पडद्यावर देखणे दिसणारे काम छापल्यावर मळकट दिसते, याचे कारण बहुतेकदा हेच असते की पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. झळझळीत निळा किंवा पोपटी रंग चार शाईंच्या छपाईत तसाच येत नाही. म्हणून मुख्य रंग ठरवताना त्याचा पँटोन क्रमांक, म्हणजे छपाईच्या रंगांचा ठरलेला क्रमांक, लिहून घ्यावा आणि मंजुरी छापील प्रूफ (छपाईआधीचा नमुना) पाहूनच द्यावी.

कराराबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे जाणकार उद्योजकही फसतात. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने रेखाटलेल्या चिन्हाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे त्याचा स्वतःचा असतो. आपण पैसे दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. त्यासाठी सही केलेले हस्तांतरणपत्र लागते. त्या पत्रात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. दिंडोरीतून युरोपात द्राक्षे पाठवणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. तेव्हा पत्रात कोणते काम, कोणते हक्क, किती मोबदला, प्रताधिकाराची संपूर्ण मुदत आणि संपूर्ण जग, असे स्पष्ट शब्द असावेत. शेवटचा हप्ता हे पत्र आणि मूळ फायली हाती आल्यावरच द्यावा. मूळ फाईल म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी व्हेक्टर फाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र म्हणजे फाईल नव्हे.

पाचवे काम: चिन्ह, अक्षर आणि रंग

चिन्हाची परीक्षा घरच्या घरी करता येते. ते एक सेंटिमीटर रुंदीत छापून पाहावे. बिलबुकाच्या कार्बन प्रतीवर उमटवून पाहावे. काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढून पाहावे. आणि शाळेतल्या मुलाला पाच सेकंद दाखवून, झाकून, आठवणीने काढायला सांगावे. मुलाने साधारण जवळपास काढले, तर चिन्ह साधले. द्राक्षाच्या घडात चाळीस मणी, त्यावर चमक, त्यामागे डोंगर, त्यामागे सूर्य, असे चित्र या चारही परीक्षांत नापास होते.

रंगाचे बळ समजून घ्यायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. नाशिकरोडच्या मुद्रणालयात ज्या नोटा छापल्या जातात, त्याच आपल्या गल्ल्यात येतात, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस घाईच्या वेळी त्यांवरचा आकडा वाचत बसत नाही. जांभळट ती शंभराची, पिवळी ती दोनशेची, करडी ती पाचशेची, हे बोटांना पाठ असते. ही ओळख सातत्यातून येते. तोच रंग, तीच जागा, तेच प्रमाण, वर्षानुवर्षे. व्यवसायानेही एक मुख्य रंग, एक सोबतीचा रंग आणि काळा किंवा पांढरा, एवढेच घ्यावे. आपल्या धंद्याच्या फळीवर सगळे कोणता रंग वापरतात, ते आधी जाऊन पाहावे आणि तो सोडून दुसरा निवडावा.

अक्षरांचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आपण देवनागरीत व्यवसाय करतो, पण आपली बहुतेक बोधचिन्हे आधी इंग्रजीत रचली जातात आणि मराठी अक्षरे नंतर कोपऱ्यात कोंबली जातात. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर वेलांटी-मात्रा-रफार आहेत, खाली उकार आहेत. त्यामुळे तिला उभी जागा अधिक लागते, आणि इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्टीत ती नेहमी गुदमरते. शिवाय मराठी "ल" आणि "श" यांची वळणे हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. अनेक टंकांमध्ये (फाँटमध्ये) हिंदी वळण आपोआप येते, आणि मराठी वाचकाला नेमके काय खटकते ते सांगता आले नाही तरी अक्षर परके वाटते. डिझायनरला ही दोन अक्षरे मराठी वळणाची हवीत असे मुद्दाम सांगावे. विंडोजबरोबर येणारा मंगल हा टंक पडद्यावर मजकूर वाचण्याच्या कामाचा आहे. पाटीवर तो सरकारी परिपत्रकासारखा दिसतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे टंक मुक्त परवान्याचे आहेत आणि व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात. नावाची मुख्य अक्षरे मात्र शक्य असेल तर अक्षरकाराकडून हाताने घडवून घ्यावीत. त्याचा खर्च एकदाच होतो.

सहावे काम: पाकीट

पाकिटावर दोन बाजूंनी हक्क सांगितला जातो: आपल्या ओळखीचा आणि कायद्याचा. कायद्याचा मजकूर आधी लिहून घ्यावा आणि उरलेल्या जागेत डिझाइन करावे. उलटे केले की शेवटी बारीक अक्षरांची गर्दी होते. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित किरकोळ विक्रीची कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो, आणि अंकांची किमान उंचीही ठरलेली आहे. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह व १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी, शाकाहाराचे हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ आणि अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचा उल्लेख हवा. चिवड्यात शेंगदाणे असतात, म्हणून हा उल्लेख आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे.

बारकोडकडे कुणी लक्ष देत नाही. यंत्र लाल प्रकाशाने वाचते, म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा छापल्या तर त्या यंत्राला दिसतच नाहीत. गडद रेघा, फिकी पार्श्वभूमी आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा, एवढे पाळावे.

पाऊच सिलिंडरवर (चित्र कोरलेल्या धातूच्या रुळावर) छापायचा असेल, तर प्रत्येक रंगाला एक सिलिंडर लागतो आणि किमान छपाईही मोठी असते. सहा रंगांचे डिझाइन तीन रंगांत बसवले की तीन सिलिंडरांचा खर्च वाचतो. चांगल्या डिझायनरचे मानधन अनेकदा इथेच भरून निघते. नवे उत्पादन असेल तर पहिल्याच खेपेला सिलिंडरच्या भानगडीत पडू नये. एकरंगी तयार पाऊचवर नीट छापलेला स्टिकर लावून सहा महिने विक्री पाहावी, मजकुरातल्या चुका तेवढ्यात कळतात.

चुकांवरून सांगतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका प्रेसला मी जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधील फाईल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे रेखाचित्रांत रूपांतर न करता, पाठवली. त्यांच्या संगणकावर तो फाँट नव्हता. मुखपृष्ठावरचे नाव शाबूत राहिले, पण मागच्या बाजूची सगळी जोडाक्षरे फुटली आणि पाच हजार पाकिटांवर वाचता न येणारा मजकूर छापला गेला. प्रूफ मी मोबाइलवर, मुखपृष्ठापुरतेच पाहिले होते. ती पाकिटे रद्दीत गेली आणि त्या भल्या गृहस्थांचा हंगामातला महत्त्वाचा आठवडा बुडाला. तेव्हापासून मी प्रूफ कागदावर काढतो, मूळ मजकुराशी दोघे मिळून मोठ्याने वाचून ताडतो आणि मालकाची सही घेतो. आपणही ही सही देण्याआधी वजन, किंमत, फोन क्रमांक आणि परवाना क्रमांक एकेक अंक बोट ठेवून वाचावेत.

सातवे काम: पाटी

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२२ च्या दुरुस्तीने हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाले. हा नियम ओझे म्हणून पाळला की इंग्रजी पाटीखाली घाईने चिकटवलेली अक्षरे दिसतात. सुरुवातीपासून मराठी नाव मुख्य धरून रचना केली की पाटी घरची वाटते.

अक्षरांच्या उंचीचा धंद्यातला अंदाज असा आहे की वाचणारा जितक्या फुटांवर आहे, त्याच्या दर दहा फुटांमागे एक इंच उंची हवी. कॉलेज रोडच्या पलीकडच्या कडेवरून, साठ फुटांवरून वाचायचे असेल तर मात्रा-उकार सोडून अक्षराचा गाभाच सहा इंच असावा. पाटीवर नाव आणि एका ओळीत धंदा, एवढेच लिहावे. "आमच्याकडे मिळेल" या यादीसाठी काचेची जागा आहे. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण पश्चिमेच्या उन्हात त्याचा लाल रंग आधी उडतो आणि पावसाळ्याच्या वाऱ्यात तो फाटतो. दर वर्षी-दोन वर्षांनी बदललेल्या फ्लेक्सची बेरीज केली, तर एसीपी (अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या जोड) पत्र्यावरची उठावाची अक्षरे परवडतात.

आठवे काम: मोबाइलवरचा चेहरा आणि एका पानाची नियमावली

गूगल मॅपवर पाटीचे ताजे छायाचित्र, पाटीवर आहे तसेच नाव आणि खरी वेळ असावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल चित्रात पूर्ण नाव न कोंबता फक्त चिन्ह ठेवावे. देवदर्शनाचे किंवा नातवंडाचे चित्र घरच्या क्रमांकावर शोभते.

नियमावलीत चिन्हाची योग्य रूपे, भोवती सोडायची जागा, रंगांचे क्रमांक, टंकांची नावे आणि नावाचे मराठी-इंग्रजी नेमके लेखन असावे. ती फायलींसह एका ठिकाणी ठेवावी आणि कोणतीही नवी वस्तू छपाईला जाण्याआधी ती पाहण्याची जबाबदारी घरातल्या किंवा कार्यालयातल्या एकाच व्यक्तीवर सोपवावी. पुतण्याने हौसेने केलेली दिवाळीची जाहिरातही तिच्या नजरेखालून जावी. इथली ढिलाई दोन वर्षांत टेबलावर पुन्हा चार हिरवे रंग आणते.

खर्चाचा हिशेब

डिझाइनचा खर्च एकदम दिसतो म्हणून मोठा वाटतो. तो नगावर वाटून पाहावा. समजा बोधचिन्ह, पाकीट आणि नियमावली मिळून ६०,००० रुपये लागले, आणि महिन्याला २,००० पाकिटे विकली जातात. तीन वर्षांत ७२,००० पाकिटे होतात, म्हणजे एका पाकिटामागे साधारण ८३ पैसे. आपण दुकानदाराला एका पाकिटामागे किती सूट देतो, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. ज्या मालाला गिऱ्हाईक नावाने मागते, त्यावर दुकानदाराला वाढीव सूट मागता येत नाही. हा फायदा माझ्या मते विक्रीतल्या वाढीइतकाच मोलाचा आहे.

परिणाम मोजण्यासाठी बदलाआधीच्या तीन महिन्यांत काही नोंदी ठेवाव्यात: किती नवी गिऱ्हाइके आली, ती कशी आली, पुन्हा किती आली, नावाने मागणी किती झाली. बदलानंतर पुढल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत पुन्हा नोंदी घ्याव्यात, कारण दिवाळी आणि उन्हाळा यांची तुलना करून काही कळत नाही. आणि मालच अजून स्थिर नसेल, एका खेपेला खारट आणि दुसऱ्या खेपेला अळणी होत असेल, तर हे पैसे आधी मालावर घालावेत. चांगली ओळख निकृष्ट मालालाही तितक्याच चोखपणे ओळखू आणून देते.

निफाडच्या त्या बेदाणा उत्पादकाने सगळे एकदम बदलले नाही. पहिल्या वर्षी नावाचा अर्ज, चिन्ह आणि पाकिटाचा स्टिकर. दुसऱ्या वर्षी टेम्पो आणि बिलबुक, तेही जुने संपल्यावर. पाटी तिसऱ्या वर्षी. सिंहस्थाच्या गर्दीसाठी तयारी करणाऱ्यांनी याच क्रमाने उलटी गणती करावी: दुकानात माल ज्या दिवशी हवा, त्याच्या दोन महिने आधी पाऊच छपाईला गेलेला असावा, त्याच्या महिनाभर आधी प्रूफवर सही झालेली असावी, त्याच्याही दोन-अडीच महिने आधी डिझायनरशी पहिली बैठक झालेली असावी, आणि त्या बैठकीला जाताना टेबलावरच्या वस्तूंची यादी आणि नावाच्या शोधाचा छापील निकाल हातात असावा.